‘येणार’ला चार मतं

माझ्या भाचीला घरात आणि आता शाळेतही सगळे घुमी म्हणतात. नाव मीच ठेवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत ती फारशी बोललीच नाही, आणि बोलायला लागल्यावरही शब्द जपून वापरायची. एकदा तिची दाढ ठणकत होती, ते आम्हाला चौथ्या दिवशी गाल टम्म सुजल्यावर कळलं. आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, "कोणी विचारलं नाही."

मी दादा-वहिनीकडेच राहते. तीन खोल्यांचं घर, त्यातली मागची खोली माझी आणि घुमीची. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, वहिनी पाळणाघरात मुलं सांभाळते आणि मी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. तिघांचीही कामं अशी, की घरी आल्यावर आणखी कोणाचं गाऱ्हाणं ऐकायचं त्राण उरत नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. कदाचित सबब म्हणूनच सांगते आहे.

घुमी दहावीत होती तेव्हाची ही गोष्ट. शाळेच्या व्हॉलीबॉल संघात ती चेंडू उचलून द्यायची आणि कॅप्टन तो पलीकडे हाणायची. कॅप्टन म्हणजे शेजारच्या इमारतीतली तिची मैत्रीण, सहा वर्षांची असल्यापासूनची. धीट, हजरजबाबी, तोंडाची फटकळ. घुमीच्या वाटचंही तीच बोलायची. दुकानात गेल्या तरी "हिला निळं पेन द्या" असं कॅप्टन सांगायची. घुमीला ते सोयीचं होतं. आम्हालाही.

त्या वर्षी त्यांच्या वर्गात मध्येच एक मुलगी आली. तिची आई पोस्टात, बदली होऊन आलेली. घरात दोघीच. सहा महिने झाले तरी वर्गात तिचं नाव ‘नवी’ असंच राहिलं. या नवीने वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला. सभागृहात सगळी शाळा बसलेली. दोन मिनिटं छान बोलली आणि मग अडकली. पुढचं वाक्य आठवेना. जवळजवळ एक मिनिट ती माईकसमोर उभी होती, ओठ हलताहेत, आवाज नाही. शेवटी चिरक्या आवाजात "माफ करा" म्हणाली, आणि उतरताना वायरीत पाय अडकून गुडघ्यांवर पडली.

कोणीतरी ते मोबाईलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत ग्रुप तयार झाला, त्याचं नाव ‘माफ करा’. काढला कॅप्टनने. पहिल्या दिवशी बारा जण होते, आठवड्याने एकेचाळीस. नवी सोडून जवळजवळ अख्खा वर्ग आणि शेजारच्या तुकडीतले काही. घुमीला तर कॅप्टनने पहिल्याच फटक्यात घेतलं. विचारायचा प्रश्नच नव्हता.

आधी नुसता तो व्हिडिओ. मग त्याला कोणी कोंबडीचा आवाज लावला. मग नवीचं तोंड माशाला चिकटवलं, पुतळ्याला चिकटवलं. मग तिच्या नावाने एक खोटं खातं उघडलं आणि त्यावरून शाळेतल्या मुलांना "माफ करा, मला तुम्ही आवडता" असे संदेश जायला लागले. घुमी काही टाकत नव्हती, हसत नव्हती, बाहेरही पडत नव्हती. नुसती बघायची. ती मला नंतर म्हणाली, "आत्या, न बघता राहवायचं नाही. बघितलं नाही तर पुढे काय झालं असेल, याचीच धास्ती वाटायची."

त्या एकेचाळिसांत एकच जण बोलला होता. चष्म्या म्हणून एक मुलगा आहे, पहिल्या बाकावर बसणारा. त्याने लिहिलं, "बास करा रे आता." त्यानंतर दोन दिवस नवीला सुट्टी मिळाली आणि चष्म्याची पाळी आली. त्याचा चष्मा बाकावरून गायब झाला, पाण्याच्या टाकीवर सापडला, आणि त्याचाही फोटो ग्रुपवर. तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

घरी आम्हाला एवढंच दिसत होतं, की घुमी जेवत नाही, आणि फोन वाजला की खांदे आखडून घेते. वहिनीला वाटलं परीक्षेचं दडपण. मला वाटलं, कोणीतरी मुलगा आहे. मी मनातल्या मनात हसलेही.

एका दुपारी मी लॅबमधून येऊन पाय वर करून पडले होते. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "आत्या, समजा एका ठिकाणी चाळीस जण आहेत आणि तिथे काहीतरी वाईट चाललंय. तर?"

"तर काय?"

"तर एकाने काय करायचं?"

सकाळपासून माझे साठ-सत्तर लोक झाले होते. डोळे मिटलेलेच ठेवून मी म्हटलं, "चाळीस जण आहेत ना, बघेल कोणीतरी. आपण कशाला मध्ये पडायचं? तू तुझ्या अभ्यासाचं बघ."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. ते "बरं" मला अजून ऐकू येतं. ज्या मुलीला विचारल्याशिवाय दाढसुद्धा दुखत नव्हती, ती आपणहून विचारायला आली होती.

त्याच रविवारी ग्रुपवर पोल आला. ‘उद्या नवी शाळेत येईल का?’ पर्याय तीन: येणार, नाही येणार, शाळाच सोडणार. भराभर मतं पडायला लागली. ‘शाळाच सोडणार’ पुढे गेलं. घुमीने बराच वेळ फोन हातात धरला आणि ‘येणार’वर बोट ठेवलं. तिला वाटलं, आपण नवीच्या बाजूने काहीतरी केलं. ‘येणार’ला एकूण चार मतं पडली.

सोमवारी नवी आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर दादाचं एक रजिस्टर पत्र आणायला घुमी पोस्टात गेली. काउंटरवर नवीची आई होती. पावती घेऊन ती आत पत्र शोधायला गेली, आणि मागे पार्सलच्या पोत्यांपाशी स्टुलावर नवी बसलेली दिसली, पाकिटांवर चिकटपट्टी लावत. घुमीला वाटलं, मागच्या मागे पळून जावं. पण पत्र यायचं होतं.

नवीच उठून जाळीपाशी आली. हळू आवाजात म्हणाली, "तुझं नाव ‘येणार’मध्ये होतं."

"तुला कसं कळलं?"

"कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवला. कोणी कशाला मत दिलं, सगळी नावं आहेत त्यात. ‘येणार’ची चार नावं मी पाठ केली." मग म्हणाली, "पण मला कळेना, तू मी यावं म्हणून दिलंस, की आल्यावर आणखी मजा येईल म्हणून?"

घुमीने तोंड उघडलं. तेवढ्यात आई पत्र घेऊन आली, सही झाली, आणि घुमी बाहेर पडली. वाटेत तिच्या लक्षात आलं, की नवी तिकडे एकटी बसून एकेका नावावर विचार करत होती. मी बोलले नाही म्हणजे मी त्यात नव्हते, असं तिला इतके दिवस वाटत होतं. नवीच्या हिशेबी ती त्यात होतीच, फक्त कोणत्या बाजूला ते कळत नव्हतं.

त्या दिवशी दादा जेवायला उशिरा आला. एका इमारतीत एक बाई पाऊण तास लिफ्टमध्ये अडकली होती. तो हात धूत असताना घुमीने विचारलं, "बाबा, अडकलेल्या माणसाला तुम्ही पहिलं काय सांगता?"

दादाला नवल वाटलं, पण कामाचं कोणी विचारलं की तो खुलतो. "नाव विचारतो. मग मी कुठवर आलोय ते सांगतो. चौकात आहे, गेटपाशी आहे, जिना चढतोय. घाबरू नका म्हणून कोणी घाबरायचं थांबत नाही. कोणीतरी निघालंय आणि कुठवर पोचलंय हे कळलं, की माणूस दम धरतो."

जेवण झाल्यावर तिने नवीला एकटीला लिहिलं, "मी घुमी. मत दिलं ते तू यावंस म्हणून. उद्या सव्वासातला पोस्टाच्या कोपऱ्यावर उभी राहीन." संदेश पोचला. वाचलाही गेला. उत्तर नाही.

गुरुवारी ती कोपऱ्यावर पावणेआठपर्यंत उभी होती. नवी आली नाही. घुमी शाळेत उशिरा पोचली, बोलणी खाल्ली, आणि मधल्या सुट्टीत सरळ चष्म्याकडे गेली. तिने आपणहून कोणाशी बोलायची ही वर्गातली पहिलीच वेळ असावी.

"तू लिहिलंस तेव्हा मी गप्प बसले," ती म्हणाली.

"सगळेच बसले."

"आता मी लिहिलं तर तू लिहिशील?"

चष्म्या खूप वेळ डब्याचं झाकण लावत-काढत राहिला. मग म्हणाला, "तेव्हा एकाने जरी ‘हो’ म्हटलं असतं ना, तरी मला पुरलं असतं. तू लिही. मी एका मिनिटात लिहितो. पण खरंच लिही, मला मध्येच सोडू नकोस."

शाळा सुटल्यावर ती मैदानावर कॅप्टनपाशी गेली. हे तिने मला खूप नंतर सांगितलं. कॅप्टन जाळी बांधत होती. घुमी म्हणाली, "ग्रुप बंद कर."

"मी नुसता ग्रुप काढला. व्हिडिओ मी काढला का? फोटो मी चिकटवले का?"

"पोल तू टाकलास."

"गंमत होती. तू पण मत दिलंस की." मग कॅप्टनचा आवाज जरा खाली आला. "तू माझी मैत्रीण ना?"

"म्हणून तर आधी तुला सांगायला आले."

कॅप्टनने दोरीला गाठ मारली आणि पाठ फिरवली.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. घुमी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. लिहायची, पुसायची. मी विचारलं, काय गं? "काही नाही." शेवटी तिने जे पाठवलं ते असं होतं: "हे मला पहिल्यापासून आवडत नव्हतं. मी बोलले नाही, ते चुकलं. नवी चार दिवस आलेली नाही. आता बंद करूया."

एक मिनिट काही नाही. मग चष्म्या आला, "मी हिच्याबरोबर." एकेकाची वाचल्याची खूण पडत होती आणि कोणी बोलत नव्हतं. पाच-सहा मिनिटांनी एका मुलीने लिहिलं, "मी पण." घुमी आणि चष्म्यासारखीच तीही ‘येणार’च्या चौघांतली होती. चौथा मुलगा काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला.

आणि मग कॅप्टन. "घुमीला वाचा फुटली. टाळ्या." खाली एक फोटो, सुजलेल्या गालाचा, डोळ्यात पाणी आलेल्या घुमीचा. तो फोटो जगात एकाच माणसाकडे होता. तिने कधीतरी खास मैत्रीण म्हणून दिलेला. पुढच्या क्षणी तिला ग्रुपमधून काढलं होतं.

तेव्हा ती रडली, आणि तेव्हा मला सगळं कळलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी तिच्याशेजारी बसले, हातात अर्धी घडी घातलेली चादर. ‘बघेल कोणीतरी’ असं मीच म्हटलं होतं, हे तिने मध्ये कुठेही आणलं नाही. आणलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी साडेनवाच्या सुमारास ती शाळेच्या गणवेशात माझ्या लॅबमध्ये आली. मी एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होते.

"आत्या, तिचा फोटो गेला."

"कोणाचा?"

"नवीचा. फोनवर तिच्या नावापुढचा. नावही गेलं. मी सकाळी पुन्हा उभी होते, ती आली नाही. मग मी शाळेत गेलेच नाही, घरी येऊन फोन बघितला. आता लिहिलं तर पोचत नाही. फोन लागत नाही."

आजोबांचं रक्त मी घेतलं. मग लॅबमधल्या दुसरीला माझ्या जागेवर बसवलं आणि आम्ही निघालो. पोस्ट सात-आठ मिनिटांवर. काउंटरवर ‘बंद’ची पाटी. शेजारच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई आत्ताच धावत घरी गेल्या. मुलीचा फोन आला होता."

पोस्टाच्या मागेच कर्मचाऱ्यांची वसाहत. जिना चढताना घुमी माझ्या पुढे होती, दोन-दोन पायऱ्या. मी बारा वर्षं रक्त बघते, पण त्या दुसऱ्या मजल्यापर्यंत माझ्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं ते मला लिहायचं नाही.

दार उघडं होतं. आई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेली, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. समोर भरलेली बादली आणि तळाशी मोबाईल. नवी आतल्या पलंगावर गुडघे छातीशी धरून बसली होती. धडधाकट. मी चौकटीला धरून उभी राहिले.

आई आम्हाला म्हणाली, "शेजारच्यांच्या फोनवरून मला म्हणते, मी खातं पुसून फोन बुडवला, तू घरी ये. एवढंच. पाच दिवस पोटात दुखतंय म्हणून मी गोळ्या देतेय हिला. काय झालंय? तुम्ही कोण?"

मी बोलणार होते, पण घुमी पुढे झाली. तिथेच, उंबऱ्यापाशी जमिनीवर बसून तिने त्या बाईंना सगळं सांगितलं. व्हिडिओ, ग्रुप, खोटं खातं, पोल. स्वतःचंही. "मी पंधरा दिवस बघत होते, मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं." माझ्या भाचीला इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आतून नवीचा आवाज आला. "तू काल खरंच उभी होतीस. मी गॅलरीतून बघितलं."

"आजही होते."

"आजही बघितलं."

"मग आली का नाहीस?"

"तू एकटीच होतीस," नवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवीची आई आणि मी मुख्याध्यापिका बाईंना भेटलो. त्या वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. "शाळेत मोबाईल आणायला बंदीच आहे हो. घरी मुलं काय करतात, त्यात शाळा काय करणार?" नवीच्या आईने आवाज चढवला नाही. चष्म्याने छापून दिलेला पोलचा कागद टेबलावर ठेवला. "मुलीने शाळेत यावं की नाही, यावर तुमच्या शाळेतल्या मुलांनी मतं दिलीत. मग हा प्रश्न पोस्टाचा आहे का?"

बाईंनी नावांवरून बोट फिरवलं. वर्गातल्या हुशार मुलांची नावं, संघातल्या मुलींची नावं. मग त्यांनी शिपायाला बोलावून पालकांचे फोन नंबर काढायला सांगितले.

ग्रुप बंद झाला. खोटं खातं बंद झालं. कॅप्टनचं कप्तानपद त्या मोसमापुरतं गेलं आणि पुढचा सामना आमची शाळा हरली, त्याचंही खापर काही दिवस घुमीवर फुटलं. व्हिडिओ किती फोनमध्ये उरला असेल, कोण जाणे. घुमी अजूनही कोणी हसलं की आधी त्याच्या हाताकडे बघते.

सोमवारी पोस्टाच्या कोपऱ्यावर घुमी, चष्म्या आणि ‘मी पण’ लिहिणारी मुलगी असे तिघं उभे होते. चौथा आला नाही. वहिनीने पाळणाघरात उशिरा येते म्हणून कळवलं होतं आणि आम्ही दोघी पलीकडच्या फुटपाथवर, भाजी निवडण्याचा आव आणत. सात वीस झाले. पंचवीस झाले. वहिनीने माझा दंड इतका घट्ट धरला होता, की वळ उठला. साडेसातला नवी जिन्यातून बाहेर आली, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. तिघांपाशी थांबली नाही, पुढे निघाली. मग तेही तिच्या मागून, दोन पावलं अंतर ठेवून चालायला लागले.

घुमी आणि नवी फार मैत्रिणी झाल्या असं नाही. एकदा नवी आमच्याकडे वही न्यायला आली असताना मी ऐकलं, ती घुमीला सांगत होती, "तू मला आवडतेस की नाही, हे माझं अजून ठरायचंय." घुमी म्हणाली, "ठरव सावकाश."

परीक्षेच्या थोडं आधी कॅप्टन माझ्या लॅबमध्ये आली. आठ दिवसांचा ताप, डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. आई बाहेर बसली होती. मी तिची शीर शोधत होते. लहानपणापासून आमच्या घरात वाढलेली पोर. मला तिचा राग होता आणि तिचा हात गरम लागत होता.

"घुमी माझ्याबद्दल काय म्हणते?" तिने विचारलं.

"काही म्हणत नाही."

ती छताकडे बघत राहिली. सुई आत गेली तरी हलली नाही. मग म्हणाली, "मी तिचा तो फोटो टाकला ना, तेव्हा मला वाटलं, सगळे हसतील. आधी काहीही टाकलं की हसायचे. त्या दिवशी एकही जण हसला नाही. मी फोन हातात धरून वाट बघत होते."

मी सुई काढली. कापूस दाबला, पाच मिनिटं धरून ठेव म्हटलं.

घरी येऊन मी घुमीला सांगितलं, की कॅप्टन आजारी आहे. बाकीचं सांगितलं नाही, ते कॅप्टनने सांगायचं. घुमीने विचारलं, "फार आहे का?" दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती शेजारच्या इमारतीत गेली आणि दहा मिनिटांत परत आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "ताप उतरतोय. मला सॉरी म्हणाली. मी म्हटलं, मला नको, नवीला म्हण."

"मग?"

"म्हणते, भीती वाटते." घुमीने चपला जागेवर ठेवल्या. "मी म्हटलं, मी येते बरोबर."